आधी कानामागे

डॉ. श्यामला वाघमारे यांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या एका चुकीमुळे, आणि ती टिकली माझ्या दुसऱ्या चुकीमुळे. या गौरवग्रंथाच्या संपादकांनी पत्र पाठवून 'आपल्या सहवासातील दोन-चार हृद्य आठवणी' मागितल्या आहेत. माझ्याजवळ आहेत त्या याच. त्या हृद्य आहेत की नाहीत ते वाचकांनी ठरवावे. बाईंनी आपले मत मला पूर्वीच कळवलेले आहे.

'बाई' हे संबोधन मी एकटाच वापरत नाही. त्यांचा दवाखाना सांगलीत. दर मंगळवारी त्या साताऱ्यात बसतात. दोन्हीकडच्या पाट्यांवर त्वचारोगतज्ज्ञ वगैरे सविस्तर लिहिलेले आहे. पण बाहेर बाकावर बसलेली माणसे 'बाई आल्या का' एवढेच विचारतात, आणि दुसरी कुठली बाई असा प्रश्न कुणाला पडत नाही.

मी साताऱ्यात एका दैनिकाचा वार्ताहर आहे. लहानपणी वाईला संस्कृत शिकलो. पुढे पोटासाठी बातम्या लिहू लागलो, तरी संस्कृत अंगातून गेले नाही. ताप उतरल्यावर अशक्तपणा राहतो तसे ते राहिले. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात चेहऱ्यावर बारीक सुया टोचून डाग घालवण्याची टूम निघाली. पार्लरांतून तसे फलक लागले. संपादकांनी सांगितले, एखाद्या जाणत्या डॉक्टरांना भेटून मजकूर करा. म्हणून मी एका मंगळवारी बाईंच्या समोर वही उघडून बसलो.

बाईंनी दहा मिनिटांत समजावून सांगितले. "सुई कितीही बारीक असली तरी जखम ती जखमच. काही डागांना, काही खड्ड्यांना तिचा फायदा होतो, नाही असं नाही. पण आपली कातडी सावळी. सावळ्या कातडीला जखम झाली की ती रागावते, आणि तिचा राग काळ्या रंगात दिसतो. ज्याला वांग आहे त्यानं तर फार जपून. वांग घालवायला जायचं आणि वांगाच्या थोरल्या भावाला घेऊन घरी यायचं, असं होतं."

वांग म्हणजे गालांवर, कपाळावर, नाकावर उठणारे तपकिरी पट्टे. बाळंतपणानंतर येतात, उन्हाने वाढतात, बायकांना अधिक आणि पुरुषांनाही होतात. हा शब्द मला छापण्याजोगा वाटला नाही. त्यात भाजीचा भास होतो. मूळ संस्कृत शब्द 'व्यङ्ग'. वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत तोच आहे. तेव्हा मी मथळा दिला : 'व्यंगावर सुईचा उपचार : तज्ज्ञांचा सावधगिरीचा इशारा'. उपसंपादकांनी जागेअभावी इशारा काढून टाकला.

पुढच्या मंगळवारी सकाळी बाईंचा फोन आला. आवाजात राग नव्हता. "या लवकर, तुमची माणसं येऊन बसली आहेत."

जाऊन पाहतो तो बाकावर कोरेगावकडचे एक आजोबा, ज्यांचा एक पाय दुसऱ्याहून आखूड होता. शेजारी तिरळ्या डोळ्यांचा एक उपवर मुलगा, आणि सहा बोटांच्या बाळाला मांडीवर घेतलेली त्याची आई. कोपऱ्यात एक हौशी व्यंगचित्रकारही होते. ते मात्र आपल्या कलेवर सुईचा उपचार कोण करणार आहे याची रीतसर चौकशी करायला आले होते.

बाईंनी मला त्या सगळ्यांना व्यंग या शब्दाची व्युत्पत्ती समजावून सांगायला लावली. तेवढ्या वेळात त्यांनी स्वतः प्रत्येकाला योग्य त्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली, आणि दोन ठिकाणी फोन करून वेळही घेतली. ते आजोबा आज एका टाचेला जाड थर लावलेला बूट घालून सरळ चालतात, आणि व्यंगावर सुईचा उपचार हमखास लागू पडतो असे भेटेल त्याला सांगतात.

सगळे गेल्यावर बाई म्हणाल्या, "व्यंगाचं वांग कुणी केलं, ठाऊक आहे?"

मी ध्वनिपरिवर्तनाचे नियम सांगू लागलो.

"ज्यांना ते झालं होतं त्यांनी केलं. दुखणं असलेल्या माणसाला जोडाक्षरं परवडत नाहीत."

हे त्यांच्या घरातून आलेले आहे. त्यांचे वडील कुपवाडला एका कारखान्यात लेथवर काम करत, आणि पाळी संपवून आल्यावर वही घेऊन पाली शिकत. घरात वंदना पालीत होई, आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ मुलांना सांगितल्याशिवाय वडील जेवायला बसत नसत. बाईंचे मत असे, की संस्कृतातल्या शब्दांचे कोपरे पालीने घासून काढले, म्हणून ते माणसांना लागत नाहीत. आमचा हा वाद गेली कित्येक वर्षे चालू आहे. मी दर मंगळवारी हरतो आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा जातो.

श्यामला हे नावही वडिलांचेच. मुलगी सावळी झाली तेव्हा ते म्हणाले होते, "लोकांनी काळी म्हणून हाक मारायच्या आधी आपणच मारून ठेवू, पण चांगल्या शब्दात." मी एकदा बाईंना सांगितले की संस्कृतात श्यामा म्हणजे सुंदर स्त्री. त्या म्हणाल्या, "मग मराठीत येता येता वाटेत काय झालं तिला?" गोरेपणाच्या क्रीमचे प्रतिनिधी आपल्या पेट्या घेऊन या दवाखान्यात येत, तेव्हा बाहेरची पाटी आणि आतल्या बाई यांचा मेळ घालताना त्यांची वाक्ये अडखळत. बाई त्यांना चहा देत आणि एकच प्रश्न विचारत, "मला लावून काय फरक पडेल?" चहा संपेपर्यंत प्रतिनिधी विचार करत.

कारण बाईंनी आजवर कुणालाही गोरे करण्याचे कबूल केलेले नाही. डाग फिका करू, जमेल तेवढा करू, वेळ लागेल, उन्हाला जपावे लागेल, इतकेच त्या बोलतात. सुया टोचण्याचे यंत्र त्यांच्याकडे आहे, पण ते वापरण्यापेक्षा न वापरण्यात त्यांचा अधिक वेळ जातो. सुईचे नवे टोक पाकिटातून पेशंटच्या डोळ्यांदेखत काढायचे आणि काम झाल्यावर त्याच्याच डोळ्यांदेखत टाकायचे, हा नियम. पुरळ पिकलेले असेल तर सुई नाही, जखमेचा वण जाड होण्याची खोड असेल तर नाही, आणि वांग नुकते पसरत असेल तर मुळीच नाही. एकदा सांगलीचे एक जोडपे आले. ऑनलाइन मागवलेला सुयांचा रोलर दोघे मिळून वापरत होते. नवऱ्याच्या गालावरचा पू बायकोच्या कपाळावर पोचला होता. बाईंनी तो रोलर डब्यात टाकला आणि सांगितले, "संसार एकत्र करा. सुया नका करू." नवरा हळूच म्हणाला, "बाई, ब्रश तर वेगवेगळेच आहेत आमचे." बाई म्हणाल्या, "मग अक्कल होती की. ती दातांपाशीच का थांबली?"

आता त्यांचा सर्वांत प्रसिद्ध नियम. ज्यांच्या बाबतीत सुईचा उपयोग होईलसे वाटते त्यांच्याही चेहऱ्याला बाई थेट सुई लावत नाहीत. आधी कानामागे, नाण्याएवढ्या जागेवर. मग सहा आठवडे वाट पाहायची. ती जागा काळी पडली नाही तर पुढचे बोलायचे. मराठीत एखादी गोष्ट कानामागे टाकणे म्हणजे तिच्याकडे दुर्लक्ष करणे. कानामागे टाकलेल्या गोष्टीकडे सहा आठवडे डोळ्यांत तेल घालून पाहणारी दुसरी व्यक्ती मी पाहिलेली नाही.

माझी दुसरी चूक याच नियमाने पोटात घेतली. ती अशी.

पहिल्या प्रसंगानंतर बाईंनी ठरवले, की ज्याने शब्दांचा घोळ घातला त्यानेच तो निस्तरावा. सुई टोचल्यावर काय पाळायचे याचा मराठी कागद त्यांना हवा होता. मी आनंदाने लिहून दिला. त्याची सुरुवात होती : 'उपचारोत्तर मासपर्यंत सूर्यदर्शन वर्ज्य.' पुढे शीतल जलाने मुखप्रक्षालन वगैरे. बाहेर गर्दी होती. बाईंनी विचारले, "उन्हाचं आलंय ना?" मी म्हणालो, "पहिल्याच ओळीत." कागद छापून आला.

त्याच सुमारास कोरेगाव तालुक्यातल्या एका गावच्या सरपंच हौसाबाई साताऱ्याला आल्या. मी तेव्हा बाहेर चहा पीत बसलो होतो. दार उघडेच होते, आणि हौसाबाईंचा आवाज ग्रामसभेत घडलेला. त्यामुळे ऐकू आले नाही असे मला म्हणता येणार नाही.

"आवं बाई, फ्लेक्सवर मी लय गोरी हाय," त्या सांगत होत्या. "त्यो छापणारा कॉम्पुटरवर काय करतोय ठाव न्हाई. पर मी बोर्डाखाली हुबी ऱ्हायले, तर मलाच इचारत्यात, सरपंच कवा येणार हाय?"

"मग फोटो बदलू या की," बाई म्हणाल्या.

"न्हाई. तोंड बदला. मागं मला वांगी सरपंच म्हणत्यात. त्येचंबी काय न्हाई. पर पाण्याच्या टाकीचं बोलायला उठले की समदी माझ्या गालाकडं बघत्यात. टाकीकडं कुणी बघत न्हाई. दोन म्हैन्यांनी यात्रा हाय, आमदार येणार हाईत. तवर तोंड सारखं झालं पायजे, न्हाईतर टाकी ऱ्हायली."

बाईंनी त्यांना नीट पाहिले. क्रीम, उन्हापासून आडोसा, धीर; सुईची घाई नको, हे सांगितले. हौसाबाई हटेनात. शेवटी बाई म्हणाल्या, "बरं. पण आधी कानामागे. सहा आठवडे."

"कानामागं कोण बघतंय?"

"कुणी नाही. म्हणूनच."

कानामागे ठिपका टोचून, माझा कागद घडी करून कमरेला खोचून हौसाबाई गावी गेल्या. सहा आठवडे झाले, त्या आल्या नाहीत. त्यांचा निरोप आला : बाईंचे लय हळू चालते, पार्लरवाली एका बैठकीत समदे तोंड करून देते म्हणते, सोमवारची वेळ घेतली आहे.

हा निरोप शनिवारी आला. दुसरे डॉक्टर असते तर फाइल बंद करते. बाई रविवारी सकाळी सांगलीहून निघाल्या, साताऱ्यात मला गाडीत घेतले, कारण कोरेगावकडच्या आडवाटा मला पाठ आहेत, आणि आम्ही हौसाबाईंच्या अंगणात जाऊन उभे राहिलो. वाटेत बाई फारसे बोलल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "तोंडभर काळं पडलं तर ती बाई पुन्हा उठून बोलायची नाही."

हौसाबाई उन्हात शेंगा पसरत होत्या. केस वर गाठ मारून बांधलेले. बाईंना पाहून त्या ओशाळल्या, पण हटल्या नाहीत.

"बाई, तुमी आलासा, बरं वाटलं. पर उद्याचं ठरलंय माझं."

"ठरू दे. आधी मला कान दाखवा."

बाईंनी कान पुढे ओढून पाहिले, मग पिशवीतून एक आरसा काढून मागे धरला आणि हौसाबाईंच्या हातात दुसरा दिला, न्हावी मानेमागचे दाखवतो तसा. माणसाला स्वतःच्या कानामागची जागा आयुष्यात दिसत नाही. हौसाबाईंना ती पहिल्यांदा दिसली. नाण्याएवढी जागा जांभळासारखी काळी पडली होती.

बराच वेळ त्या आरसा तिरका करून पाहत राहिल्या.

"ह्ये तोंडभर झालं असतं?"

"कदाचित."

"मंग वांगी सरपंच नस्ते म्हणले. भरीत म्हणले असते."

हसावे की नाही ते मला कळेना. बाई हसल्या, आणि हौसाबाईही. मग बाईंनी विचारले, "ऊन पाळलं नाही का हो? कागदात लिहिलं होतं."

"पाळलं की. पार पाळलं." हौसाबाई आत जाऊन कागद घेऊन आल्या. चार घड्यांचा, हळदीचे बोट लागलेला. "ह्यात लिवलंय, सूर्यदर्शन करायचं न्हाई. मी रोज सकाळी सूर्याला हात जोडत हुते, ते बंद केलं. म्हैनाभर देवाकडं पाठ. कामालाबी खाली बघून जायाची, वर म्हणून बघितलं न्हाई."

"आणि शेतात?"

"दिसभर. पर मान खाली."

मान खाली, केस वर बांधलेले, आणि दुपारचे सगळे ऊन नेमके कानामागे. मी कागदातले सूर्यदर्शन किती शुद्ध आहे याचा विचार करत होतो.

"कुणी लिवलंय ह्ये?" हौसाबाईंनी विचारले.

मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "मी दिला कागद. वाचून न बघता दिला. चूक माझी." आणि लगेच पुढे, "ऊन नसतं लागलं तरी कदाचित काळं पडलं असतं. ते कुणालाच आधी सांगता येत नाही. पार्लरवालीलाही नाही. म्हणून तर कानामागे."

मी म्हणालो, कागद मी लिहिला. हौसाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "पत्रकारसायेब, तुमी शाळा किती शिकलासा?" मी सांगितले. "मंग तरीच," त्या म्हणाल्या.

सोमवारची पार्लरची वेळ गेली ती गेलीच. हौसाबाईंच्या चेहऱ्याला कधी सुई लागली नाही. त्या पदर कपाळावरून घेऊन शेतात जाऊ लागल्या, क्रीम लावू लागल्या, आणि यात्रेच्या ग्रामसभेत वांगासकट उभ्या राहिल्या. बाई त्या दिवशी मंडपात पहिल्या रांगेत, बायकांत बसल्या होत्या. हौसाबाईंनी सुरुवातच अशी केली : "माझ्या तोंडाकडं काय बघायचं ते आत्ता बघून घ्या, मंग टाकीचं बोलू." लोक हसले, आणि मग टाकीचे ऐकले. टाकी झाली. वांग आता निम्म्याहून फिके आहे. उरलेले, त्या म्हणतात, टाकीच्या नावाने ठेवले आहे.

बाईंच्या दवाखान्यातून माझा कागद गेला. तिथे आता हौसाबाईंनी तोंडी सांगितलेला आणि मी निमूटपणे उतरवून घेतलेला मजकूर टांगलेला आहे : 'उन्हात जाऊ नगा. जायाच लागलं तर पदर नायतर रुमाल तोंडावरनं घ्या. सूर्याला हात जोडा, त्येला न्हाई म्हणलेलं न्हाई. खाजलं तर खाजवू नगा. दुसऱ्याची सुई घेऊ नगा, नवऱ्याची सुदिक.' शेवटची सूचना सांगलीच्या जोडप्यावरून आली. सांगलीची शिकली-सवरली माणसे हे वाचून आधी हसतात आणि मग पाळतात. माझ्या कागदावर कुणी हसत नसे, आणि पाळतही नसे.

बाईंच्या साठीचे ठरले तेव्हा मी सुचवले की समारंभाला 'षष्ट्यब्दीपूर्ती' म्हणावे. त्या म्हणाल्या, "पूर्ती कसली, मी अजून पुरी झालेली नाही. आणि एवढं जोडाक्षर म्हणता म्हणता पेशंट एकसष्टीला पोचेल." म्हणून निमंत्रणावर नुसते 'बाईंना साठ' छापले आहे. ग्रंथाच्या संपादकांना ते फार साधे वाटले. मी त्यांना हौसाबाईंचा पत्ता दिला.

हौसाबाईंनीही गावात बाईंचा फ्लेक्स लावायचे ठरवले. छापून आला तेव्हा त्यावरच्या बाई दुधासारख्या गोऱ्या होत्या. हौसाबाई गुंडाळी बगलेत मारून स्वतः छापखान्यात गेल्या. मला बातमी हवी म्हणून मीही गेलो.

"ह्या कोण?"

छापणारा म्हणाला, "डॉक्टर मॅडम. जरा उजळ केलंय, समारंभ आहे म्हणून."

"आमच्या बाई अशा न्हाईत. बाईंचा रंग हाय तसा दे. आन बाजूला माझाबी फोटो हाय, त्यातलं वांग कुठं गेलं? ते आन परत."

"पुसलेलं परत कसं आणू, सरपंच?"

"मंग नवा काढ. आत्ता. हुबी हाय मी."

नवा फोटो निघाला. आज कोरेगावच्या रस्त्याला तो फ्लेक्स लागलेला आहे. त्यावर दोन बायका आहेत, दोघी जशा आहेत तशा, आणि त्याखाली उभे राहिल्यास बाईंना कुणी 'डॉक्टर कवा येणार' असे विचारत नाही.

हा लेख मी बाईंच्या पद्धतीने लिहिला आहे. आधी त्याचा एक लहानसा तुकडा, शेवटच्या शुभेच्छांचा, हौसाबाईंना ऐकवला. त्यात आरोग्य, दीर्घायुष्य आणि शरद ऋतू यांचे एक लांब संस्कृत वाक्य होते. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि विचारले, "ह्यानं कुणाचं काळं पडणार न्हाई न्हवं?" मी म्हणालो, खात्री देता येत नाही. मग त्यांनी ते बदलून दिले. सहा आठवडे मी ते वहीत ठेवून पाहिले; कुठेही डाग उमटलेला नाही. म्हणून या ग्रंथाच्या सर्व वाचकांच्या वतीने, त्यांच्याच शब्दांत, बाईंना सांगतो :

बाई, लय वर्सं जगा. आमी हाव तवर तर जगाच. आन उन्हात जाताना तुमीबी पदर घ्या.